गिरजामायची पाहुणी

पोळ्याच्या आधीच्या सोमवारी रपट्यावर बांबू आडवा टाकला. त्या दिवसापासून बेलझरीची गुरं चिंचखेड्याला गेली नाहीत आणि चिंचखेड्याची बेलझरीला आली नाहीत. दिवाळीच्या आत गिरजामाय गेली.

बेलझरी सौंसर तालुक्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. चिंचखेडा महाराष्ट्रात. दोन्हींच्या मधून नाला वाहतो आणि नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा, एरवी बैलगाडी आरामात जाईल असा. नाला म्हणजे दोन राज्यांची हद्द, हे मुलांना नकाशा शिकवताना मी फळ्यावर काढून दाखवत असे. मुलं ऐकून घेत आणि शाळा सुटली की त्याच नाल्यात डुंबायला जात. दोन्हीकडे तीच कपाशी, त्याच संत्र्याच्या बागा, तीच पांढरी गवळाऊ गुरं. अर्ध्या घरांची सोयरीक पलीकडची. गिरजामायचं माहेरही चिंचखेड्याचंच. लग्न होऊन ती रपटा ओलांडून आली आणि मग तिथंच राहिली.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. बेलझरीच्या शाळेत बदली झाली तेव्हा मला राहायला जागा हवी होती आणि तिच्या ओसरीला लागून एक खोली रिकामी होती. पहिल्या दिवशी तिनं मला नीट पाहून घेतलं. उंच, कोरडी, पाठीत जराशी वाकलेली बाई. लुगड्याच्या ओच्यात कायम एक दावं खोवलेलं.

"पांढुर्ण्याचे का तुमी?" ती म्हणाली. "मंग दूर बसा बाप्पा. तुमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन अंगाले उभे राहून एकमेकाइले गोटे मारतेत."

मी म्हणालो, मी कधी मारले नाहीत.

"तेच म्हनून राहिली मी. न मारनाराले लागते."

खोली मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी तिथं होतो.

माणसाला बोलायचं ते ती गाईला बोले. ही सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. तिच्या गोठ्याजवळून जाताना लोक जरा कानोसा घेत, आज कोणाची पाळी आहे ते बघायला. एकदा सरपंच ओसरीवर बसून नळाची लाईन देतो म्हणून सांगत होते. तिनं त्यांच्याकडे मान वळवली नाही. आंबोण कालवत गाईला म्हणाली, "ऐकलं का वो ढवळे, तुयासाठी नळ येऊन राहिला म्हने. मागच्या चुनावातही येऊनच राहिला होता." सरपंच हसले, पण चहा अर्धाच ठेवून उठले. माझे वडील गेले तेव्हा मी सुतक संपवून परत आलो आणि दोन दिवस खोलीत पडून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "ढवळे, शिकलेले लोकं उपाशी राहून कोनाले दाखवतेत गं?" मी उठलो. ओसरीवर भाकरी झाकून ठेवलेली होती. ती स्वतः तिथं नव्हती.

ढवळी म्हणजे तिची सगळ्यांत लाडकी गाय. पांढरी, निमुळत्या तोंडाची, चालायला घोड्यासारखी. तिला एकच खोड होती, ती भटकत असे. कुठंही चरायला सोडा, दुपार कलली की कळप टाकून सरळ घराची वाट धरायची. म्हणून तिच्या गळ्यात लोढणं होतं. लोढणं म्हणजे गळ्याला दोरीनं अडकवलेला लाकडाचा ओंडका. गाय पळायला लागली की तो पुढच्या पायांवर आपटतो आणि ती थांबते. ढवळीचं लोढणं बाभळीचं होतं, झिजून गुळगुळीत झालेलं. ती दारात आली की आधी त्याचा ठोका ऐकू येई.

संध्याकाळी धार काढताना मी ओसरीवर वाचत बसलेला असे. एकदा वाचता वाचता एखादं वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं असावं. गिरजामाय म्हणाली, "थांबले काऊन? वाचा. धार चांगली सुटून राहिली." तेव्हापासून तो नेमच झाला. ती धार काढायला बसली की मी हातात असेल ते मोठ्यानं वाचायचं. गोष्टी वाचल्या, प्रवासवर्णनं वाचली, नागपूरहून येणारं वर्तमानपत्र वाचलं. एकदा दुसरं काही नव्हतं म्हणून सहावीचं विज्ञान वाचलं. तिला काय आवडलं, हे ती कधी स्वतःचं म्हणून सांगत नसे. "तिले थे समुद्राचं नाही आवडलं," ती म्हणे. "तिनं पाय हालवला."

गुरांच्या चोऱ्या सुरू झाल्या ते वर्ष मला नीट आठवतं. आधी एखादं वासरू जायचं, लोक वाघाचं किंवा बिबट्याचं नाव घ्यायचे. मग बैल जायला लागले. बिबट्या काही पिकअप गाडीच्या टायरच्या खुणा ठेवून जात नाही. चोर इकडची गुरं भरायचे आणि रपटा ओलांडून तिकडे जायचे, तिकडची भरायचे आणि इकडे यायचे. इकडचे पोलीस म्हणायचे पुढची हद्द त्यांची. तिकडचे म्हणायचे मागची हद्द त्यांची. गुरांच्या मालकांनी या दोन वाक्यांच्या मध्ये पायपीट करायची. त्याच सुमारास रस्त्यावर पोरांची टोळकी उभी राहू लागली. स्वतःची गाय घेऊन सौंसरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसालाही ती अडवत. कुठून आणली, कुठं विकून राहिला, हेच प्रश्न. बाजाराला जाणंसुद्धा नकोसं झालं.

आणि दोन्ही गावं एकमेकांकडे पाहू लागली. चिंचखेड्याचे म्हणत, बेलझरीत कोणीतरी फितूर आहे. बेलझरीचे म्हणत, चिंचखेड्यात आहे. सोयरिकी होत्या तिथंही बोलणं कमी झालं.

एका सकाळी चिंचखेड्याची पाच-सहा माणसं काठ्या घेऊन आली. पुढं सदाशिव होता, गिरजामायचा चुलतभाऊ. त्याची पेरणीच्या तोंडावरची बैलजोडी गेली होती आणि टायरच्या खुणा बेलझरीकडे वळलेल्या होत्या. तो गिरजामायच्याच दारात येऊन उभा राहिला, कारण ओरडायला हक्काचं दार तेच होतं.

"बाई, तुया गावातलं कोन हाय थे सांग," तो म्हणाला. "आज सांग, नाई तं रपट्यावरून कोनी येनार नाई, कोनी जानार नाई."

ती धार काढत होती. उठली नाही. चरवी भरेपर्यंत काढली, वासराला सोडलं, हात धुतले. तोवर इकडचीही माणसं जमली होती आणि त्यांच्याही हातांत काही ना काही होतं. तिचा मुलगा प्रकाश दारात आडवा उभा होता. तिनं त्याला बाजूला केलं, ढवळीचं दावं सोडलं आणि तिच्या गळ्यातलं लोढणं काढून खुंटीला लावलं. मग दावं सदाशिवच्या हातात दिलं.

"घेऊन जा. तुया गोठ्यात बांध."

"मी गाय मांगाले आलो का?"

"नाई आला. मी देऊन राहिली. आता चोर येईन तुयाकडं, तं माई गाय जाईन. मंग मी तुया अंगाले उभी राहीन का चोराच्या?"

सदाशिवनं हातातल्या दाव्याकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "आन् लोढनं काऊन काढलं? पळून येईन नं थे."

"पाहुनी म्हनून जाऊन राहिली," गिरजामाय म्हणाली. "पाहुनीच्या गळ्यात लाकूड घालतेत का?"

दुसऱ्या दिवशी सदाशिवची बायको सुशीला एक कालवड घेऊन रपटा ओलांडून आली. मैना तिचं नाव. तिच्याही गळ्यात काही नव्हतं. सुशीलानं मैनेला गिरजामायच्या गोठ्यात बांधलं, पदर घेऊन वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "अक्काजी, ही रात्री हंबरते. तिच्याशी बोला लागते." गिरजामाय म्हणाली, "मंग तं बराबर घरी आली."

असं ते सुरू झालं. वर्षभरात दोन्ही गावांतल्या गुरं राखणाऱ्या बहुतेक प्रत्येक घरी पलीकडची एक गाय होती. तिला पाहुणी म्हणत. पाहुणीचं दूध ठेवणाऱ्याचं, वासरू मालकाचं. चारा आधी पाहुणीला, मग घरच्या गुरांना. पाहुणीला मारायचं नाही, तिच्या गळ्यात लोढणं घालायचं नाही. हे कोणी ठरवलं असं नाही. ढवळी तशी गेली म्हणून सगळ्या तशा गेल्या. गस्तही मग एकत्र झाली, कारण आपल्या गोठ्यात चोर शिरला तर पलीकडच्याची गाय आणि आपली अब्रू जाणार होती. गाय घेऊन डॉक्टरकडे किंवा बाजाराला जायचं असलं की दोन्ही गावांतला एकेक माणूस सोबत निघे. टोळक्यातल्या पोरांनी एकदा गिरजामायलाच अडवलं. ही गाय तुमची कशावरून, म्हणाले. तिनं दावं त्यांच्या हातात दिलं आणि चालायला लागली. पोरं ओढत राहिली, गाय जागची हलली नाही. ती वळणावर पोचल्यावर म्हणाली, "चाल वो," आणि गाय दाव्यासकट पोरांच्या हातातून सुटून तिच्यामागं गेली.

चोऱ्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. दोन्ही गावांनी एकमेकांवर बोट ठेवणं मात्र थांबलं. पुढं मी निवृत्त झालो, सौंसरला येऊन राहिलो. रविवारी मी बसनं बेलझरीला जात असे, पिशवीत वर्तमानपत्र घेऊन.

मग गुरांना गाठींचा रोग आला. अंगभर गाठी, ताप, पायांना सूज. आधी दूरच्या गावांची नावं ऐकू आली, मग जवळची. रोग पसरू नये म्हणून गुरांना राज्याची हद्द ओलांडायला बंदी झाली. रपट्यावर बांबू पडला आणि बांबूशेजारी खुर्ची टाकून एक शिपाई बसला. तो लांबचा होता, हिंदी बोलायचा, स्वभावानं वाईट नव्हता. माणसं जाऊ-येऊ शकत होती. गुरं नाहीत.

आणि दोन्हीकडच्या पाहुण्या जिथल्या तिथं अडकल्या.

चिंचखेड्यात पहिली गाय दगावली तेव्हा बेलझरीत मारुतीच्या पारावर माणसं जमली. मी त्या रविवारी तिथंच होतो. कोणी म्हणत होतं, आपल्या गाई आडरस्त्यानं घेऊन येऊ. कोणी म्हणत होतं, त्यांच्या आपल्याकडं आहेत त्या आधी नाल्यापार हाकलून देऊ, रोग तिकडूनच येऊन राहिला. यात प्रकाशचा आवाज मोठा होता. ढवळी गाभण होती, आणि ती वासरू असल्यापासून त्यानंच तिला चारलं होतं.

गिरजामाय पाराच्या खाली उभी होती. तिथं बोलायला गाय नव्हती म्हणून तिला माणसांशीच बोलावं लागलं.

"मैना माह्या गोठ्यात हाय," ती म्हणाली. "तिले मी हाकलनार नाई. माई ढवळी सदाच्या गोठ्यात हाय. तिले मी आननार नाई. तुमी ज्याले आनाची आना. पन मंग पुढच्या वक्ती चोर आला तं कोनाच्या दारात जाता थे पाहून ठेवा."

"ढवळी मेली तं?" प्रकाशनं विचारलं.

"तं सुशीला रडन. तूही रडजो."

कोणी काही आणलं नाही, कोणी काही हाकललं नाही. पण लोकांच्या मनातलं गेलं असंही नाही. ते मारबतीच्या दिवशी दिसलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे मारबत काढतात. पळसाच्या डहाळ्या, गवत, जुनी फडकी यांची बाहुली करायची, गावातली सगळी दुखणी घेऊन जा अशा आरोळ्या देत ती शिवेपर्यंत न्यायची आणि शिवेबाहेर टाकून यायची. बेलझरीची शीव म्हणजे नाला, म्हणून मारबत नाल्यापलीकडे फेकत. चिंचखेड्याचे त्यांची इकडे फेकत. हे सगळं हसत-खेळत चाले. गिरजामायला मात्र ते कधी आवडलं नव्हतं. नवी नवरी म्हणून ती आली त्याच वर्षी सासरच्या लोकांनी सासरची रोगराई तिच्या माहेराच्या दारात टाकलेली तिनं पाहिली होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही धार काढताना, ढवळीच्या नावानं.

त्या वर्षी पोरांनी मारबत मोठी केली होती आणि आरोळ्यांमध्ये हसू नव्हतं. चिंचखेड्याचं नाव घेऊन ते ओरडत होते. ती रपट्यापर्यंत पोचण्याआधी गिरजामाय वाटेत उभी राहिली. पोरांच्या हातांतून तिनं बाहुली काढून घेतली. ओढाताण झाली नाही. यांपैकी बरेच जण तिच्याच गोठ्यातलं दूध पिऊन वाढले होते. बाहुली खांद्यावर टाकून ती परत गावात आली आणि स्वतःच्या उकिरड्यात खड्डा करून तिनं ती पुरली.

"आपलं दुखनं हाय," एवढंच ती म्हणाली. "आपल्याच उकिरड्यात राहू द्या."

त्या संध्याकाळपासून ती रोज रपट्यावर जाऊ लागली. बांबूच्या अलीकडे उभी राही. पलीकडे सुशीला येई. रपटा ओलांडून जायला दोघींनाही मनाई नव्हती, पण गोठ्यातली माती पायांबरोबर जाते असं डॉक्टरनं सांगितलं होतं आणि दोघींनी ते ऐकलं होतं. म्हणून नाल्याच्या दोन्ही बाजूंनी मोठ्यानं बोलणं चाले.

"अक्काजी, ढवळीनं सकाळी चारा खाल्ला."

"रवंथ केली का?"

"केली. मैना?"

"मैना बरी हाय. मलेच बोलून राहिली, घरी कधी जातो म्हनून."

चारआठ दिवसांत इतर घरांचीही माणसं तिथं येऊ लागली. दिवस मावळायच्या सुमारास नाल्याच्या दोन्ही काठांवर माणसं उभी राहत आणि एकमेकांच्या गाईंची खुशाली ओरडून सांगत. कोणाची मेली तर तेही तिथंच सांगावं लागे. मग पलीकडचा माणूस खाली बसे आणि इकडचा म्हणे, "भाऊ, कमी नाई पडू देली रे." पलीकडचा हात वर करी. शिपाई खुर्चीवरून उठून उभा राही. मी ते दोन रविवार पाहिलं. त्यानंतर मला शाळेतला माझा फळा आणि त्यावरची नाल्याची रेघ फार वेळा आठवली.

तिसऱ्या रविवारी दुपारी मी ओसरीवर बसलो होतो. गिरजामाय शेणकूट थापत होती. आवाज काहीच झाला नाही. लोढण्याचा ठोका नव्हता, म्हणून आम्हा दोघांनाही कळलं नाही. मान वर केली तर ढवळी दारात उभी होती. पोटापर्यंत भिजलेली, तोंडाला लाळ, मानेवर आणि छातीवर गाठी, एक पाय सुजलेला. दुपार कलली होती. ती तिच्या नेमानं घरी आली होती.

गिरजामाय उठली. दोन पावलं पुढं आली. शेणाचे हात तिनं लुगड्याला पुसले, ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ढवळीनं मान पुढं केली. मैना गोठ्यात बांधलेली होती, अजून एकही गाठ न आलेली, आणि तिच्यापलीकडे शेजाऱ्यांचे गोठे होते.

"नाई," गिरजामाय म्हणाली. "इथं नाई येऊ. तू पाहुनी हाय नं तिकडची. घरची मानसं वाट पाहून राहिली तुयी." आवाज नेहमीचा होता. हात मात्र गाईच्या कपाळावर ठेवलेला होता आणि तो निघत नव्हता.

प्रकाश शेतातून धावत आला. बंबाजवळच्या पडवीत वेगळी बांधू, म्हणाला. कोणाला सांगायची गरज नाही, म्हणाला. तिनं ओच्यातलं दावं काढून ढवळीला बांधलं आणि रपट्याच्या वाटेनं चालू लागली. मी मागं गेलो. गावातली दारं एकेक उघडत होती. सगळ्यांनी पाहिलं की गिरजामायची गाय घरी आली होती आणि गिरजामाय तिला परत नेऊन राहिली होती.

शिपायानं बांबू उचलला नाही. "अम्मा, बीमार गाय है. इधर से उधर नहीं जा सकती. ऑर्डर है."

"उधरकीच है वो."

"पर आ तो इधर से रही है न."

तो चुकीचं बोलत नव्हता. पलीकडे सुशीला धावत आली होती. तिच्या हातात तुटलेलं दावं होतं. "अक्काजी, बिमार होती म्हनून सैल बांधलं वो मी," ती रडत म्हणाली. "लोढनं घातलं असतं तं नसती आली. मले वाटे, घालाव का, घालाव का. पन पाहुनीच्या गळ्यात कसं घालाव?"

"नाई घातलं थे बराबर केलं," गिरजामाय म्हणाली. "मीच काढलं होतं वो थे."

रपट्याच्या खालच्या अंगाला नाला दोन धारांत फुटतो आणि मध्ये खडकाचा एक उंचवटा राहतो. त्यावर करंजाचं एक झाड आहे. तिनं तिकडे बोट दाखवून शिपायाला विचारलं, ते कोणाच्या हद्दीत येतं. शिपाई बराच वेळ त्या झाडाकडे पाहत राहिला. मालूम नहीं, म्हणाला. मग तो खुर्ची वळवून रस्त्याकडे तोंड करून बसला.

ती गुडघाभर पाण्यातून ढवळीला घेऊन त्या उंचवट्यावर गेली आणि करंजाला तिला बांधलं. संध्याकाळपर्यंत प्रकाशनं आणि सदाशिवनं मिळून तिथं बांबू रोवून ताडपत्री ताणली होती. दोघं बरेच दिवसांनी एकमेकांशी बोलले असावेत, तेही फक्त दोरी इकडं दे, तिकडं धर, एवढंच.

गिरजामाय तिथंच राहिली. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद, डॉक्टरनं दिलेलं औषध. चारा दोन्ही काठांवरून येई. ज्यांच्या स्वतःच्या गाई मेल्या होत्या त्यांच्याही घरून पेंढ्या येत. रात्री प्रकाश किंवा सदाशिव सोबतीला थांबत. ती घरी चल म्हटलं तर येत नसे. भाद्रपदातलं पाणी, खडकाची ओल, आणि तिचं वय. हे सगळ्यांना दिसत होतं आणि तिला सांगायची कोणाची हिंमत नव्हती.

मी गेलो तेव्हा ती झाडाखाली पाठमोरी बसली होती. काठावरून हाक मारली. तिनं वळून पाहिलं, चेहरा अर्धा झाला होता.

"गुरुजी, पेपर आनला का?"

"आणला."

"मंग वाचा नं. हिनं दोन दिवसापासून कान नाई हालवला."

मी काठावरच्या दगडावर बसलो आणि वाचू लागलो. पाण्याचा आवाज मोठा होता, म्हणून ओरडून वाचावं लागलं. संत्र्याचे भाव वाचले. बसच्या बदललेल्या वेळा वाचल्या. कुठल्याशा पुलाचं उद्घाटन वाचलं. एकही शब्द तिच्यापर्यंत पोचत नसणार हे मला कळत होतं. ती गाईच्या मानेवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिनं डोळे उघडले आणि हात हलवून मला खूण केली, वाचत राहा अशी. मी जाहिरातीसुद्धा वाचल्या. बसची वेळ झाली तेव्हा घडी घालून उठलो. ती गाईला काहीतरी सांगत होती. ते बोलणं त्या दिवशी कोणासाठी होतं, मला ऐकू आलं नाही. मी तिला पाहिलं ते शेवटचं.

ढवळी उठली. गाठी फुटून सुकल्या, ती चारा खाऊ लागली. पोटातलं वासरू मात्र गेलं. डॉक्टरनं आता हरकत नाही म्हटल्यावर गिरजामायनं तिला करंजापासून सोडलं आणि दावं सुशीलाच्या हातात दिलं. बेलझरीच्या काठाकडे गाईनं मान वळवली होती, असं सुशीला सांगते. शिपाई त्या वेळी चहा प्यायला गेलेला होता. चहाची टपरी तिथून फार लांब नाही, पण त्याला वेळ लागला.

त्यानंतर गिरजामाय घरी आली आणि तापानं पडली. प्रकाशनं जामसांवळीच्या मारुतीला नवस केला, सौंसरच्या दवाखान्यात ठेवलं. मला निरोप मिळाला तेव्हा मी पांढुर्ण्याला बहिणीकडे होतो. पोचेपर्यंत तिला नेलं होतं. चिंचखेड्याची सगळी माणसं आली होती, असं मागून कळलं.

तेरवीच्या आधी दोन दिवस बांबू उठला. तेरवीला जेवणं झाल्यावर सदाशिव रपट्याकडून येताना दिसला. त्याच्या हातात ढवळीचं दावं होतं. सुशीला मागून चालत होती. अंगणात बसलेल्या माणसांनी सरकून वाट दिली.

"प्रकाश," सदाशिव म्हणाला, "माय गेली. आता तिची गाय तिच्या घरी राहू दे बाप्पा. आमी राखली तेवढी राखली."

प्रकाश उठला. त्यानं दावं हातात घेतलं. ढवळी तोवर गोठ्याकडे चालू लागली होती, तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि मैनेला हुंगू लागली. प्रकाश तिच्या मागोमाग गेला. खुंटीवर बाभळीचं लोढणं होतं, ते त्यानं हातात घेऊन पाहिलं. अंगणातली कितीतरी माणसं, अलीकडची आणि पलीकडची, त्याच्याकडे पाहत होती. प्रत्येकाच्या घरी एक पाहुणी बांधलेली होती. त्यानं ढवळीला ठेवून घेतलं असतं तर कोणी त्याला नाव ठेवलं नसतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या गाई आणल्या असत्या.

त्यानं लोढणं परत खुंटीला लावलं. ढवळीला वळवून बाहेर आणलं. तो गाईलाच म्हणाला, "जाय वो. मामा वाट पाहून राहिले."

सुशीलानं दावं घेतलं. गाय मान वळवून गोठ्याकडे पाहत गेली, पण गेली.

मी अजून रविवारी बेलझरीला जातो. वर्तमानपत्र नेतो, मोठ्यानं वाचत नाही. रपट्यावर बांबूचे दोन खांब तेवढे उभे आहेत. करंजाखाली ताडपत्रीचे दोर लोंबतात, ते कोणी काढलेले नाहीत. मैना प्रकाशच्या गोठ्यात आहे. ढवळी चिंचखेड्यात आहे आणि तिचं लोढणं इथं खुंटीला आहे.